काचेचं दुसरं टोक

श्रीधरने मला फसवलं. आमच्या भागीदारीत पक्की ठरलेली अशी एकच गोष्ट होती, ती त्याने मोडली. आणि जाब विचारायला जाईपर्यंत माणूस उरला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, असं घरचे सांगतात. मी काचेच्या धंद्यातला माणूस आहे. तडा असेल तर तडा आहे म्हणून सांगतो, त्यावर फडकं मारून माल खपवत नाही.

बातमी त्याच्या धाकट्या भावाने आणली. मुलुंडच्या आमच्या दुकानात मी एका शेठशी टेबलाच्या काचेवरून घासाघीस करत होतो. भाऊ पायरीशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, श्रीधर गावाहून परतल्याचा निरोप असेल. 'घराचं छप्पर शाकारून येतो' असं सांगून तो गेला होता, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर गेला म्हणून मी त्याला चार लोकांत वाट्टेल ते बोललो होतो. "काय रे, उगवले का तुझे बंधुराज?" मी विचारलं. भाऊ म्हणाला, "सदाभाऊ, दादा गेला... सकाळी. हॉस्पिटलात." गावाला कोणी गेलंच नव्हतं. श्रीधर इथेच मुंबईत खाटेवर पडून होता. बायकोला ठाऊक, भावाला ठाऊक, चाळीतल्या शेजाऱ्यांनाही ठाऊक. भागीदार तेवढा अडाणी.

आमची ओळख घाटकोपरला एका काचवाल्याकडे नोकरीत झाली. मी गिरणीकामगाराचा मुलगा, शाळा अर्धवट सोडलेला, तोंडाने तिखट. तो मालवणकडचा, सावकाश बोलणारा. पहिल्यांदा दोघांनी मिळून मोठी काच उचलली ती एका डॉक्टरच्या दवाखान्यासाठी. जिन्यात मी म्हणालो, "डावीकडे घे." तो म्हणाला, "आधी वर उचल." मी ओरडलो, "अरे डावीकडे!" तो थांबला, मी चाललो... पुढचा आवाज सगळ्या इमारतीने ऐकला. तुकडे गोळा करता करता मी त्याला आई-बापावरून शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "झाला तुझा? आता माझा ऐक. पुढचो बोलतलो, मागचो गप रवतलो."

"आणि मागच्याचा हात सुटायला लागला तर?"

"तर 'ठेव' म्हणायचा. एकच शब्द. दुसऱ्यान कारण विचारूचा नाय, काच खाली ठेवूची."

काच उभी धरून चालताना पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला फक्त पुढच्याची मान. मागच्याने विश्वास टाकायचा असतो. आणि पुढच्याला मागच्याचे हात दिसत नाहीत, म्हणून त्यानेही विश्वासच टाकायचा असतो. हात सुटू लागला की कारण सांगायला वेळ नसतो, एक शब्द पुरतो. मला कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. पण हा कायदा मी मानला. पुढे आम्ही स्वतःचं दुकान टाकलं. घरोघरी टीव्ही येत होते, शोकेसा बनत होत्या, काचेला मरण नव्हतं. दोघांच्याही खांद्यावर गोणपाटाची एकेक घडी असायची. कोणीही 'ठेव' म्हणालं की घडी जमिनीवर आणि काच घडीवर. भर रस्त्यात, उतारावर, गिऱ्हाइकाच्या दारात. मी कधी विचारलं नाही, का रे?

दुकानातही त्याची एक तऱ्हा होती. भाव करणं माझं काम, काच कापणं त्याचं. माझा आवाज चढला की तो मागे रद्दीच्या कागदाचा बोळा करून काच पुसायला लागायचा. ओल्या कागदाचा काचेवर जो कुंईकुंई आवाज होतो, तो ऐकला की मला समजायचं : सदा, आता थोडा खाली ये, हे गिऱ्हाईक जातंय. आम्ही यावर एक अक्षरही कधी बोललो नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "काच साफ आहे रे, किती पुसशील?" तर म्हणाला, "काच साफ आसा. तुझा तोंड खराब झालाहा."

शेवटचं काम आम्ही एकत्र केलं ते घाटकोपरच्या एका सलूनचं. लांबलचक आरसा, अरुंद जिना. मी पुढे होतो. वर पोचेपर्यंत मागून 'ठेव' ऐकू आलं नाही. आरसा भिंतीला लावला, मी मागे सरकलो, आणि आरशातच मला तो दिसला... दाराला टेकलेला, डोळे मिटलेले, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. "काय झालं रे?" "ऊन लागला." खाली चहा घेतला नाही. त्यानंतर ते गावच्या छपराचं निमित्त निघालं.

तेराव्यानंतर मी वहिनींकडे गेलो. चहाला हात न लावता विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "ते नको म्हणाले. म्हणाले, सदा शटर ओढून इथे येऊन बसेल आणि डॉक्टरांशी पण भाव करेल." सांगताना त्यांना हसू आलं आणि मग रडू. मी हसलो नाही. केला असता भाव. डॉक्टरांशी केला असता, देवाशीही केला असता. मला दुसरं येतं काय?

आता दुकानात मदतीला एक माणूस ठेवलाय. कामाला वाईट नाही, पण काच धरली की अखंड बोलतो आणि मी मान वळवून त्याचे हात बघत राहतो. छोट्या काचा मी एकटाच नेतो. मोठी ऑर्डर आली की 'सध्या जमणार नाही' सांगतो. परवा एका बाईंवर मी आवाज चढवला, आणि मधेच थांबलो. मागे काहीच वाजलं नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग निघून गेल्या.

खिळ्यावर दोन्ही गोणपाटं टांगलेली आहेत. त्याचं माझ्यापेक्षा जास्त झिजलेलं, मधोमध विरलेलं. रोज सकाळी शटर उघडलं की आधी ते दिसतं.

श्रीधर, सलूनच्या त्या जिन्यात तुझे हात सुटत होते. तुला माहीत होतं. इतक्या वर्षांत तू 'ठेव' म्हणालास आणि मी ठेवली नाही, असं एकदा तरी झालं? कारण विचारलं? मग का नाही म्हणालास? वहिनी सांगतात, त्यांना विचारा. भाऊ सांगतो, दादाला विचारा. म्हणून इथे, सगळ्यांदेखत विचारतोय. माझ्या तोंडाला घाबरलास की मला जपलंस? उत्तर दे. मी पुढे उभा आहे, मला मागचं दिसत नाही.