तीन मिलिमीटर

आमच्या छापखान्यात माझ्या वहिनींना सगळे ‘तीन मिलिमीटर’ म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पान जिथे कापलं जातं त्याच्या बाहेर तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडलेला नसला, की वहिनी फाइल परत पाठवतात, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. नव्या होत्या तेव्हा अशी एक फाइल त्यांच्या हातून सुटली आणि चार हजार वह्यांच्या मुखपृष्ठांना कडेला पांढरी रेघ आली. त्यानंतर त्यांनी कुणाचीच गय केली नाही, स्वतःचीसुद्धा.

मी खाली चार रंगांच्या मशीनवर, वहिनी वर कम्प्युटरवर. वीस वर्षं मी त्यांच्या फाइली छापतोय आणि वीस वर्षं आमची जुंपतेय. उशीर त्या करतात आणि बोलणी मी खातो, हे माझं ठाम मत. घरी जेवायला वाढताना मात्र त्या माझ्यावर राग काढत नाहीत, हे मान्य करायला हवं.

यंदा मालकांनी कारभार लेकीच्या हाती दिला. लेक हुशार, पण भलतीच घाईची. तिने फाइली तपासणारा प्रोग्राम आणला. हिरवी खूण आली की छपाईच्या प्लेटा आपोआप निघणार. वहिनींना म्हणाली, “काकू, एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगला या. तिथे दगदग कमी.”

वहिनींचा चेहरा पडला. चाळिशीत धडपडत कम्प्युटर शिकून त्यांनी ती खुर्ची मिळवली होती. मला फार वाईट वाटलं, पण नोकरदार माणूस मी, मूग गिळून बसलो. वहिनींनी एवढंच विचारलं, “तोपर्यंत खुर्ची माझीच ना?”

अठ्ठावीस तारखेला तापाच्या औषधाची खोकी छापायला आली. पन्नास हजार. हिरवी खूण झाली, प्लेटा निघाल्या, मी त्या मशीनवर चढवल्या. तेवढ्यात वहिनी जिना उतरून आल्या.

“भाऊजी, थांबा. फाइल चुकलीय.”

माझं डोकंच फिरलं. “वहिनी, आता तरी माझा पिच्छा सोडा.”

आमचा गलका ऐकून मालकांची लेक लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर निळी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये’. “काकू, दिसतंय की सगळं.”

“पडद्यावर दिसणारच. अगं, आपल्याकडे पांढरी शाई असते का? पांढरं म्हणजे तिथलं निळं गाळायचं, कागद उघडा ठेवायचा. डिझायनरने आधी अक्षरं काळी केली असणार. काळं निळ्याच्या वरून छापतात, खालचं निळं गाळत नाहीत, तशी सूचना त्याने फाइलमध्ये दिली. मग अक्षरं पांढरी केली आणि सूचना काढायला विसरला. मी नेहमीसारखा एकेक रंग वेगळा करून पाहिला. निळ्यात अक्षरांची जागा सोडलेलीच नाही.”

“पण प्रोग्रामने तर...”

“त्याला हे बघायला कुणी सांगितलं होतं? भाऊजी, दहा कागद काढा.”

काढले. पट्टी निळीशार, एक अक्षर नाही. मी कागद उजेडात धरून पाहिला, तरी काही दिसेना. घरात माझी नऊ महिन्यांची नात आहे, तिला औषध पाजताना खोकं वाचणारा मीच.

मालकांच्या लेकीने तो कागद लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरला. मग म्हणाली, “काकू, माझं चुकलं. पॅकिंगचं विसरा. तुमची सही झाल्याशिवाय यापुढे इथे काही छापलं जाणार नाही.” वहिनींनी नुसता चष्मा पुसला. मी मात्र छापखानाभर असा मिरवत होतो, जशी काही चूक मीच पकडली.

तासाभरात दुरुस्त फाइल आली. गिऱ्हाइकाचे फोनवर फोन चालू होते. लेकीने स्वतः पेन पुढे केलं. वहिनींनी एकेक रंग पाहिला. अक्षरांची जागा आता रिकामी होती. मग त्यांनी कडा मोजल्या आणि पेन खाली ठेवलं.

“अडीचच आहे.”

मी लेकीकडे पाहिलं, लेकीने माझ्याकडे. मग तिने डिझायनरला फोन लावला आणि म्हणाली, “तीन मिलिमीटर म्हणजे तीन. परत पाठवा.”

मी खाली गेलो आणि वीस वर्षांत पहिल्यांदा न कुरकुरता मशीन बंद केलं.