सिस्टरचा टाक

कागद घ्यायच्या आधी सिस्टर तो कानाशी धरायच्या. नखानं त्यावर एक हलकी रेघ ओढायच्या, डोळे मिटून तिचा आवाज ऐकायच्या आणि मग निकाल द्यायच्या, “ह्यो पितो, दादा. नको.” किंवा, क्वचित कधीतरी, “ह्यो शाना हाय. ह्येच्यातलाच द्या.”

माझं मुरुममध्ये लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. एकदा मुलीकडचे एक पाहुणे पत्रिकेचा मजकूर तपासत बसले होते आणि पलीकडे सिस्टरचा निकाल चालू होता. “ह्यो लई पितो, मी सांगते तुमाला. वरनं गुळगुळीत दिसतो, पण ह्येच्या नादी लागू नका.” पाहुण्यांनी दचकून मान वर केली. हातातल्या कागदावर होणाऱ्या जावयाचं नाव. बाई कागदाबद्दल बोलताहेत, शाई पिऊन रेघ पसरवणाऱ्या कागदाबद्दल, हे मी त्यांना चहा पाजून समजावलं. तरी जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन पुन्हा एकदा विचारलंच.

सिस्टर आमच्या तालुक्याच्या गावी, उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. रोज सकाळच्या गाडीनं जायच्या, संध्याकाळी यायच्या. आमच्या मुरुममधल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्यांच्या हातची सुई खाल्ली आहे आणि ती दुखली नाही असं सगळे सांगतात. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, म्हणून इथंही त्या सिस्टरच राहू देत.

तुम्ही पाहिलंच असेल, नोकरी संपली की माणसं काय काय करतात. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी शेतात जाऊन सालगड्याचं डोकं खातं. सिस्टरच्या घरात डोकं खायला फक्त नवरा होता, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. त्यांना त्या ‘आमचे ड्रायव्हरसाहेब’ म्हणायच्या. एके दिवशी सिस्टरनी फोनवर एक चित्रफीत बघितली. परदेशातला कुणाचा तरी हात टोकदार निबच्या टाकानं नाव लिहीत होता. वर जाताना रेघ सुतासारखी बारीक, खाली येताना दाबली की भरदार. सिस्टर बघत राहिल्या आणि गॅसवरचा चहा उतू गेला. पुण्यातल्या लेकीनं हे ऐकलं आणि आईला त्या हाताच्या मालकिणीच्याच ऑनलाइन वर्गात घालून दिलं.

“दादा, मी टाकानं लिव्हायला शिकायलेय,” असं सांगत त्या पहिल्यांदा दुकानात आल्या.

“आता? ह्या वयात?” मी म्हणालो.

“मंग कवा? सरणावर?”

शिकवणाऱ्या मॅडम साता समुद्रापलीकडच्या. त्यांनी करून दाखवायचं, ह्यांनी पानभर गिरवायचं, पानाचा फोटो पाठवायचा. मग मॅडम त्या फोटोवर चुकीच्या जागी लाल गोल काढून खाली दोन ओळी लिहिणार. त्या इंग्रजी ओळी सिस्टर फोनकडून मराठीत करून घ्यायच्या. बारीक रेघेला तिकडे केसाची रेघ म्हणतात, हे फोनला काय माहीत? पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, “तुमच्या केसांची ठेवण डळमळीत आहे.” ड्रायव्हरसाहेबांनी बायकोच्या डोक्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “मॅडमचं बरोबर हाय. तेल लावत जा.”

नव्या निबला तेलकट थर असतो, तो काढायला निब थोडा वेळ बटाट्यात खुपसून ठेवायचा, हेही मॅडमनीच शिकवलेलं. ड्रायव्हरसाहेब चौकात सांगत सुटले, “रिटायर झाली तरी हिची सवय जाईना. घरात बटाट्याला इंजेक्शन द्यायलीय.”

पण खरं सांगतो, अक्षर येत नव्हतं. रानात ज्वारी पेरायच्या वेळी सुरू केलेलं शिकणं, ज्वारी हुरड्यात आली तरी त्याच थरथरत्या रेघांवर अडलेलं. सिस्टर पानं घेऊन यायच्या आणि माझ्या काउंटरवर पसरायच्या. लाल गोलांनी पान नुसतं गोवर उठल्यासारखं दिसायचं. मला वाटलं, आता सोडतील. तुमच्या-आमच्यासारख्या माणसानं सोडलंच असतं.

एक दिवस त्या फोन पुढे करून उभ्या राहिल्या. “दादा, ह्यो फोन काय बी सांगतो. तुमीच वाचा.”

झालं होतं असं की मॅडमनी नुसती पानं बघायचं थांबवून लिहिणारा हात दाखवा म्हटलं होतं. ड्रायव्हरसाहेबांनी फोन धरून शूटिंग केलं, ते पाठवलं, आणि त्याचं हे उत्तर. मी वाचून मराठीत सांगितलं. मॅडमनी विचारलं होतं, तुम्ही शाईची बाटली डाव्या हातानं उघडलीत, निब डाव्या हातानं पुसलात, मधेच माशी आली ती डाव्या हातानं हाकललीत. फक्त टाक तेवढा उजव्या हातात घेतलात. असं का?

सिस्टरनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

“गुरुजी फूटपट्टी उभी धरून मारायचे, दादा. बोटाच्या हाडावर. डाव्या हातानं सरस्वती येत न्हाय म्हणायचे. घरी आई ताटावर मारायची. तवापासनं चारचौघांत हा हात म्या बंदच केला. सुई तेवढी डाव्यानं द्यायचे.”

“ती कशी काय चालली?”

“पेशंट तिकडं तोंड करून बसलेला असतो की. त्याला कुठं दिसतंय?”

मॅडमना काय उत्तर लिहू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “लिवा, शाळा.” तेवढा एकच शब्द मी इंग्रजीत पाठवला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच सिस्टर पायऱ्या चढत होत्या. मॅडमचं उत्तर आलं होतं, तेही तेवढंच छोटं. शाळा कधीच सुटली आहे. टाक डाव्या हातात घ्या.

सिस्टर हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. “इतक्या वर्षांनी कुनीतरी शाळेची घंटा वाजिवली बगा,” म्हणाल्या. मी उगीच कागदाचे गठ्ठे हलवत बसलो.

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. पहिल्या पानावर गोल निम्मे झाले. पुढच्या पानांवर शोधावे लागायला लागले. मग एक पान असं आलं की त्यावर मॅडमनी लाल रंग वापरलाच नव्हता, खाली फक्त फुलांचं चित्र होतं. सिस्टरनी ते पान दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मला पुन्हा दाखवलं.

इंग्रजी अक्षरं वळणावर आली तशी त्यांनी त्याच टाकानं मराठी लिहायला घेतली. इथं मॅडमचा उपयोग संपला, कारण त्यांना आपली लिपी कुठून येणार? काना दाबून भरदार, वेलांटी हलकी, हे सिस्टरनी स्वतःच बसवलं. अडत होती ती डोक्यावरची आडवी रेघ. डाव्या हातानं ती नेहमीसारखी ओढायला गेलं की निब कागदात रुतायचा आणि शाईचे शिंतोडे उडायचे. तुम्ही-आम्ही ती डावीकडून उजवीकडे ओढतो. सिस्टर एके दिवशी उजवीकडून सुरू करून डावीकडे आल्या, आणि रेघ लोण्यातून सुरी जावी तशी आली.

“सिस्टर, रेघ उलटी ओढायलाव की!” मी म्हणालो.

“तुमच्याकडनं उलटी असंल. माझ्याकडनं सुलटीच हाय.”

त्यांनी ते मराठी पान मॅडमना पाठवलं. मॅडमनी लिहिलं, मला यातलं एकही अक्षर वाचता येत नाही, पण प्रत्येक रेघेला आपण कुठे चाललोय ते माहीत आहे. आणि ते पान त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्या दिवशी मुरुमचं अक्षर बघून वाहवा करत होती. ड्रायव्हरसाहेबांनी चौकात पेढे वाटले.

आता सिस्टर आणि ड्रायव्हरसाहेब पुण्याला लेकीकडे राहायला गेलेत. तिथून त्या स्वतःच फोनवर वर्ग घेतात, आणि डावखुऱ्यांना आधी जागा देतात म्हणे. माझ्या दुकानात मात्र कागदाचं ऐकून घेणारं कुणी उरलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. आणि आठवण आली की एका व्यापाऱ्याची आई, अव्वा, दुकानात आल्या होत्या तो दिवस आठवतो, तो सांगायचाच राहिला.

सिस्टरच्या हातचं एक पाकीट मी काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं. आमच्या बाजारातल्या एका आडत व्यापाऱ्यानं ते बघितलं. त्याच्या मुलाचं लग्न होतं. पाकिटांवरची सगळी नावं अशीच हातानं लिहून पाहिजेत म्हणाला. मी सिस्टरना निरोप दिला, त्या आनंदानं हो म्हणाल्या. मग व्यापाऱ्यानं सांगितलं की पहिली पत्रिका तुळजापूरच्या देवीची, ती त्याची आई, म्हणजे अव्वा, समोर बसून लिहून घेणार. त्या घरी कानडी बोलतात, आणि अव्वांचा शब्द घरात कुणी मोडत नाही.

हे ऐकल्यावर सिस्टरचा चेहरा उतरला. घरी ड्रायव्हरसाहेब आणि दुकानात मी, एवढेच बघणारे, आणि मॅडमना फोनमधून दिसायचं तेवढंच. गावासमोर, लग्नाच्या कामाला, तो हात त्यांनी कधी पुढे केलाच नव्हता. “दादा, अव्वा नको म्हणाल्या तर ह्यो हात म्या पुन्यांदा बाहेर काढायची न्हाय,” म्हणाल्या. त्या हे गमतीत म्हणत नव्हत्या.

ठरल्या दिवशी अव्वा मुला-सुनेला घेऊन आल्या, खुर्चीत ताठ बसल्या. सून हळद-कुंकवाची कुयरी घेऊन मागे उभी. सिस्टरनी पाकीट समोर तिरकं ठेवलं, शाईची बाटली उघडली आणि टाक डाव्या हातात घेतला.

“अय्यो! डावा हात?” अव्वा म्हणाल्या. “लग्नाचं काम हाय, बाई.”

“अव्वा, आता कोण मानतंय ते…” व्यापारी म्हणायला गेला आणि आईनं नुसतं बघितल्यावर गप्प झाला.

अव्वा काही दुष्ट बाई नव्हत्या. थोडा विचार करून त्यांनीच वाट काढली. “बाकीची लिवा तुमाला जमतील तशी. देवीची तेवढी उजव्या हातानं लिवा.”

मला ते अगदी बरोबर वाटलं. काम हातचं जाणार नव्हतं आणि कुणाचं मनही मोडणार नव्हतं. मी सिस्टरना मानेनं ‘लिहा’ म्हणून खुणावलं. त्यांनी टाक उजव्या हातात घेतला. बाजूच्या कोऱ्या कागदावर ‘श्री’ लिहिला. तो श्री असा काही थरथरला की मीच मान फिरवली. मग त्यांनी टाक परत डाव्या हातात घेतला, शेजारी दुसरा श्री लिहिला आणि तो कागद अव्वांच्या पुढे ठेवला.

“अव्वा, ह्यो माझा उजवा, आन् ह्यो डावा. पाव्हण्यांना ह्यो चांगला द्यायचा आन् देवीला ह्यो वंगाळ? देवीनं काय पाप केलंय?” त्यांनी टाक खाली ठेवला. “उजव्यानं मी देवीची पत्रिका लिवनार न्हाय. तुमी दुसरं कुनी बघा.”

अव्वांनी चष्मा लावला. एका श्रीवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. पुन्हा पहिल्यावरून. मग मागे न बघता सुनेला कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि सुनेनं कुयरी पुढे केली.

“हात करा पुढं.”

सिस्टरनी उजवा हात पुढे केला.

“तो न्हाय. लिवणारा.”

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, अव्वांकडे बघितलं आणि डावा हात हळूच उघडला. अव्वांनी त्यावर हळद लावली, तीही सढळ हातानं, करंगळीपर्यंत, आणि मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. “लग्नात जात्याला लावतो, मुसळाला लावतो,” त्या म्हणाल्या. “ह्येला लावाया काय झालं?”

मग सिस्टरनी लिहिलं. श्री तुळजाभवानी माता, तुळजापूर. आडवी रेघ उजवीकडून निघाली आणि डाव्या टोकाला येऊन थांबली, कुठं रुतली नाही की थरथरली नाही. अव्वा पुढे वाकून बघत होत्या. हात उचलला तेव्हा पाकिटाच्या खालच्या कडेला करंगळीचा हळदीचा ठसा उमटलेला दिसला.

“अग बाई, डाग पडला. दादा, दुसरं पाकीट द्या.”

मी उठलो, तर अव्वांनी मला हातानं थांबवलं.

“राहू द्या तसंच. लिवलं कुनी, ते देवीला कळाया नगं?”

त्यांनी पाकीट उचललं, शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांवर धरून ठेवलं आणि मग कपाळाला लावलं. सिस्टर आपल्या पिवळ्या झालेल्या हाताकडे बघत बसल्या होत्या. तो त्यांनी पुसला नाही. नवं पाकीट पुढे ओढलं, टाक बुडवला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हं दादा, पुढचं नाव सांगा.”