अनसूयाबाईंचा बडग्या

अनसूयाबाई माणसाकडे अख्खं बघतच नसत. आधी नाक, मग कान, मग हनुवटी, असं तुकड्यातुकड्यानं डोळ्यांत भरून ठेवायच्या. सत्तर सालाच्या आसपास इतवारीत त्या माझ्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहत. नवरा गेला तशी तिघा दिरांनी तेरवीची भांडी वाळायच्या आत त्यांना घराबाहेर काढलं. मेले! अजून माझं डोकं फिरतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत नावाच्या बाईच्या मोठ्या पुतळ्यामागून बडगे निघतात. ज्यानं छळलं त्याचा कागदी पुतळा करायचा, शिव्या घालत मिरवायचा आणि जाळून टाकायचा. बाईंच्या बडग्याला थोरल्या दिराचं कपाळ, मधल्याचं नाक, धाकट्याचा जबडा. सगळं वेगवेगळं घडवून कामट्यांवर सुतळीनं आवळलेलं. पण मिरवणूक दिरांच्या दाराशी आली की तिघे पोट धरून हसत. जो तो दुसऱ्या दोघांकडे बोट दाखवी.

"दर साली हासून राहिले वं सुमन," एका पोळ्याआधी बाई दातओठ खात म्हणाल्या. "तुकडे आलग दिसतात, म्हून जो तो दुसऱ्याचा मानते. औंदा जोडच दिसू देत नाई."

त्या वर्षी त्यांनी उंचवटे कापले, खाचा भरल्या आणि खळीत भिजवलेल्या कागदाचं एकच नवं कातडं वरून चढवलं. कपाळ नाकात उतरलं, नाक गालात मिसळलं. चेहरा पुरा झाला आणि बाईंचा हात थांबला. समोर त्यांचा नवरा होता. तिघा भावांची तोंडं एक केली आणि चौथा निघाला!

"मोडून टाका हो," मी म्हटलं.

"काहून? आता ओळखतील."

मिरवणुकीच्या दिवशी दिरांच्या दारात कोणी हसलं नाही. थोरला पायऱ्या उतरून आला, हात जोडले. "वहिनी, दादाले नका जाळू."

"दादाचं घर गिळलं तवा नाई आठोला तो?" बाईंनी स्वतःच्या हातानं काडी लावली. रडले ती मी.

संध्याकाळी धाकटा त्या घराच्या मागच्या खोलीची किल्ली घेऊन आला. बाईंनी पुढची मागितली, जिच्यातून गेल्याशिवाय घरात शिरताच येत नसे. मरेपर्यंत त्या तिथेच, दाराकडे तोंड करून राहिल्या.

शेवटच्या दुखण्यात मी विचारलं, "आता तरी माफ केलंत का त्यांना?"

"किल्ली घेतली होती मी. बाकी काई घेतलं नाई," त्या म्हणाल्या. "उशी उंच कर वं. धाकट्याची घरी यायची वेळ झाली."