कॅसेटवाल्या अंकलची धाप

मुखवट्याआडून धापा टाकणाऱ्या खुन्याची गोष्ट वाटली ना? नाही, ही त्याच्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेटी घरपोच देणाऱ्या सिंधी अंकलची. उल्हासनगरहून अंबरनाथला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायचे. बारकी पोरं घाबरू नयेत म्हणून कव्हरला पेपर गुंडाळायचे. त्या सिनेमाच्याच नावाची दुसरी मालिका आणली की, "नाम वही है साईं, पण ही टीव्हीवाली सीरियल. यात मुखवटेवाला नाही हां," असं आधीच सांगायचे.

त्यांना दमा होता. एकदा ते दारात पोचताच मी सगळ्यांसमोर त्यांच्यासारखीच धाप टाकली. "खुनी आला रे, पार्ट सात!" सगळे हसले. अंकलही हसले, तेच अजून टोचतं.

पुढच्या रविवारी ते दुसऱ्या मजल्यावरच थांबलेले आईला दिसले, श्वास शांत व्हायची वाट बघत. घरात येऊन ती माझ्यावर भडकली, "मेल्या, तुझा खुनी मुखवटा तरी काढतो. त्यांनी दमा कुठे काढून ठेवायचा?"