शेरूचा पट्टा मीच काढला

भाईंदरकरांनो, सायबर कॅफेतून लिहितेय. प्लीज वाचा.

आज दसऱ्याच्या मिरवणुकीला आमच्या कुत्र्याला, शेरूला, घेऊन गेले. कडक ऊन होतं. सगळ्यांनी गाड्यांना झेंडूचे हार घातले, मी शेरूला घातला. फोटोत पट्टा चांगला दिसेना म्हणून तो काढला आणि हारालाच धरून उभी राहिले. मूर्ख बाई!

अचानक आभाळ भरून आलं. वीज कडाडली तशी शेरूने उडी मारली. माझ्या हातात तुटका हार राहिला.

वॉचमन म्हणाला, "भाभी, खाडी की तरफ भागा." तिथपर्यंत हाका मारत गेले. नाही सापडला. पाऊस अजून पडतोय.

तपकिरी रंग, डावा कान फाटलेला. कुणाच्या जिन्यात येऊन बसलाय का? हाकलू नका हो. आमचा फोन नंबर पट्ट्यावर लिहिलाय, आणि पट्टा माझ्या पर्समध्ये आहे.