खंड्याचा रुसवा आन् ईनबाई

रुसन्यात माझ्या ईनबाईचा हात धरंल असं मानूस पंचगंगेपास्नं कृष्णेपतोर झालं न्हाय, आन् व्हनार बी न्हाय. ईन म्हंजे माझ्या लेकीची सासू, शिरोळची. लग्नात आमच्या मानसांनी हिच्या आदी हिच्या जावंचं पाय धुतलं, तर ही बया जाऊन बैलगाडीत तोंड फिरवून बसली. अक्षता हातात घिऊन मांडव उभा, वाजपी वाजवून वाजवून घामाघूम. पुन्यांदा ऊन पान्यानं पाय धुतलं तवा खाली उतरली, आन् वर म्हनली, "मी कुटं रुसलोय? बैलं एकटी हुती म्हून बसलो." जेवायला आदी दुसऱ्याला इचारलं की हिला भूक नसायची. आन् एरवी खाली बसायचं म्हनून ठावं न्हाय. माझी घासल्याली भांडी पुन्यांदा घासायची, शेनीचा ढीग ह्या अंगाचा त्या अंगाला रचायची, आन् कोंबडीला म्हनायची, "किती फिरतीस ग भवाने, बस की जरा घरात!"

आमचं घर कोल्लापूरच्या भायेर, माळावर, एकलं. लेक नांदायला गेल्याली, मी गुऱ्हाळावर कामाला जायाचो. घरात मी एकली बाई आन् माझ्या मालकांनी पाळल्याला कुत्रा, खंड्या. मालकांस्नी मसनात पोचवून सगळा गाव माघारी आला, खंड्या तेवढा राखंजवळ बसून ऱ्हायला. सांजच्याला आपला आपन आला आन् उंबऱ्यावर पडला. त्या दिसापास्नं म्या दाराला कडी घातली न्हाय.

कृष्णेचं पानी वाढलं की ईनबाई येस्टीनं माझ्याकडं यायची, उतरलं की जायाची. दुष्काळ सरल्यावरच्या एका साली आली ती बुट्टीत कुत्र्याचं पिल्लू घिऊन. "पुरात सापडलंय. तुमास्नी सोबत," म्हनली. सोबत कसली! खंड्याच्या कानाला लोंबकळायचं, शेपटीवर झेप घ्यायची, त्येच्या तोंडातली भाकरी वडायची, त्येच्या पोत्यावर मुतायचं आन् वर त्येच्याच पोटाशी घुसायचं. ईनबाईनं नाव ठेवलं भिंगरी. म्हाताऱ्या खंड्यानं दोन-चार डाव नुसती मान फिरवली, मग गुरगुरला. मी वराडलो, "लाज वाटती का, ल्हान लेकरावर गुरगुरतोस त्ये?" खंड्यानं माझ्याकडं बघितलं, उठला, आन् पावसाळ्याचं बंद असल्याल्या गुऱ्हाळाच्या खोपीत जाऊन पडला. सांज झाली, येईना. भाकरी घिऊन गेलो, तोंड फिरवलं. दुसऱ्या दिशी बी तसंच. त्येच्या बरगड्या दिसाय लागल्या आन् माझ्या हातात काम ठरंना. तव्यावर भाकरी करपायची, भरल्याली घागर कुटं ठेवली त्ये आठवायचं न्हाय, घडीघडीला दारात. म्हातारं कुत्रं, अन्न सोडलं की गेलंच. आन् त्यो गेला तर ह्या माळावर मी बोलायचं कुनाशी?

ईनबाई म्हनली, "त्येला भाकरी नगं, मान पायजे. आन् तुमी म्होरं बसून गोंजारताय कशाला? रुसल्याल्या मानसाकडं पाठ करून बसायचं असतंय."

"पाठ करून?"

"व्हय की! समद्यांनी तोंडाकडं बघितल्यावर मानूस रुसवा सोडंल कसा? लाज वाटती की."

मला हसू आलं, पर त्यातलं हिच्यापरास जास्त कुनाला कळतंय? गेली खोपीत, खंड्याकडं पाठ करून बसली, आन् भाकरी-खर्ड्याचं फडकं सोडून सोताच खाय लागली. मी कुडाच्या भायेर. आत हिचं चाललंय, "माझं बी तसंच हाय बाबा. धाकटी सून आल्यापास्नं चुलीला हात लावू देत न्हाईत. बसा म्हनत्यात. बसून काय करू? तुझ्यागत खोपीत पडू?" लई येळानं तिच्या कोपराखालनं खंड्याचं नाक भायेर आलं. त्येनं उरल्याली भाकरी वडली, तरी हिनं मान वळवली न्हाय. "मीठ कमी हाय, ठावं हाय मला," म्हनली. "तुझ्या मालकिनीला सांग."

खंड्या घरी आला आन् ईनबाईनं घरात कायदं केलं. पैली भाकरी खंड्याला. तवर भिंगरी मेढीला बांधल्याली, बघत बसायची. खंड्याचं पोतं उंच कट्ट्यावर, पिल्लाला चढाय येत न्हाय तितं. सकाळच्या पारी ही भिंगरीला सगळा माळ पळवून आनायची, दोघींच्या बी जिभा भायेर. आन् खंड्या गुरगुरला की मला दटावायची, "मधी पडू नगासा! सासू बोलली की सुनंनं ऐकायचं."

"तुमच्यात बी ऐकत्यात का वो, ईनबाई?" म्या इचारलं. तिनं एक घासल्यालं भांडं उचललं आन् घासाय बसली.

भिंगरी शिकली. खंड्याचा आवाज निघाला की पोट भुईला लावायची. एक दिस खंड्या आपनहून कट्ट्याखाली उतरला आन् तिच्याजवळ पडला.

पानी उतरलं, पर ईनबाई निघंना. वाटंकडं मातूर सारकी बघायची. बाजारात शिरोळचा एक पावना भेटला, म्हनला, "औंदा पानी आमच्या गल्लीला शिवलं बी न्हाय की!" तवा मला उमगलं, ही रुसून आलीया. म्या लेकीला सांगावा धाडला, ये, पर सासूम्होरं बसू नगंस.

लेक आली, अंगनात आमच्याकडं पाठ करून बसली, शेंगा फोडाय लागली. ईनबाई आत भांडी आपटतीया. मग उंबऱ्यात आली. मग अंगनात.

"असल्या शेंगा फोडत्यात व्हय? निम्मं दानं टरफलात!"

"तिकडं पोतंभर पडल्यात, आत्याबाई," लेक मान न वळवता म्हनली. "आमास्नी कुनाला जमंना."

"मग आदी सांगायला तोंड न्हाई व्हय तुमास्नी?" आन् गेली आत गठुडं बांधाय.

येस्टीपतोर पोचवाय गेलो. म्होरं खंड्या, मागं भिंगरी, आपापल्या मानानं.

आता ईनबाई न्हाय. खंड्या न्हाय, भिंगरी बी म्हातारी हून गेली. माझ्या घरात रुसायला कुनी उरलं न्हाय. तरी कवा जीव ठरंना झाला म्हंजे सुपात शेंगा घिऊन अंगनात फोडत बसतो, वाटंकडं पाठ करून. कुनाला यायचं असंल तर त्येला लाज वाटाय नगं.