सोनपेठचा तिळगूळ आणि कललेल्या दीर्घिका

परवा एका वाचकानं विचारलं, परभणीहून सोनपेठला कसं जायचं, रस्ता कसा आहे. मला माहीत आहे तो रस्ता १९९४ चा. तेव्हा मी पुण्यात खगोलशास्त्रात संशोधन करत होतो, आई माझ्याकडेच राहायची. संक्रांत तीन दिवसांवर आली असताना आई म्हणाली, "विद्यापीठाचं नामांतर होणार म्हणतात. ताईला घेऊन ये." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सोनपेठच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, खोली करून एकटीच राहायची. आम्ही बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली याच नामांतरावरून दंगली पेटल्या तेव्हा वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत होते, त्या दिवसांबद्दल आई कधी बोलत नाही. मी लगेच हो म्हणालो.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली तर दिवस मावळताना परभणी येते. नगरच्या पुढे कंबर बोलायला लागते. बीडच्या स्टँडजवळ पोटभर जेवून घ्या, पुढं नुसत्या चहावर भागवावं लागतं. मी काहीच खाल्लं नाही. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"काय व्हायलंय म्हणं उद्या-परवा?"

"काय की. आमी तर बाजार आजच केला."

शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कुण्या गावचे पाव्हणे?"

"पूर्णेचा."

"पूर्णेत कोणाचे?"

त्या 'कोणाचे'वर आमच्याकडे सगळं अडतं. म्हातारा बिचारा सहजच विचारत असेल. मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं. परभणीच्या लॉजवर वहीत पूर्ण नाव लिहायचं होतं, तिथं आडनावाच्या जागी वडिलांचंच नाव लिहिलं. खोली स्वस्त होती, चादरही धुतलेली होती. दाराला आतून कडी लावली, तरी खुर्ची सरकवून ठेवली.

सकाळची गंगाखेडकडची गाडी घ्या. जानेवारीत दोन्ही बाजूंना शाळू उभा असतो, हुरड्याचा वास गाडीत येतो. गोदावरीला इथं सगळे गंगाच म्हणतात. हे सगळं बघायला डोकं ठिकाणावर हवं, ते माझं नव्हतं.

सोनपेठला खोलीवर पोचलो तेव्हा ताई भाकरी थापत होती. मला बघून हसली आणि येण्याचं कारण कळल्यावर हसू गेलं.

"झालंय काय, ते सांग. मला एक गोष्ट दाखव."

तिच्याच पत्रांतून कळलेलं मी दाखवायला लागलो. मालकीणबाई पूर्वी दोघींचं दळण एकदम न्यायच्या, आता विसरतात. दूधवाली दारातूनच परत फिरते. खोली मार्चनंतर लागेल असं मालक बोलून गेले. ताईकडे प्रत्येकाचं उत्तर तयार. मालकीणबाईंचे गुडघे दुखतात. दूधवालीची लेक बाळंत झालीय. मालकांच्या घरी लग्न निघालंय.

मग मी माझं शास्त्र काढलं. दूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहाचा, प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत मोठं वस्तुमान असेल तर जरासा वाकतो, आणि दीर्घिका किंचित लांबट दिसते. इतकी किंचित, की एकीकडे बघून काही सिद्ध होत नाही. ती मुळातच लांबट असू शकते. पण हजारो मोजल्या आणि एका रिकाम्या दिसणाऱ्या जागेभोवती सगळ्या मिळून जराजरा कललेल्या निघाल्या, तर ती जागा रिकामी नाही. तिथं न दिसणारं काहीतरी प्रचंड बसलेलं आहे. आम्ही याला दुर्बल गुरुत्वीय भिंग म्हणतो.

ताईनं भाकरी उलटली. "हजारो म्हणलास आणि मोजल्यास तीन. उद्या संक्रांत हाय. माझा सगळा वर्ग तिळगूळ द्यायला येतो. हातावर ठेवतात, पाया पडतात. मोज मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं आली. नामांतराची बातमी गावभर झाली होती. पहिल्या मुलानं तिळगूळ उंबऱ्याजवळच्या स्टुलावर ठेवला. "बाई, हात तेलकट हायेत." दुसरीला घाई होती, मामा आला होता. तिसऱ्यानं कागदाची पुडी आणली होती, ती वरूनच सोडली. कोणी दारातूनच हात जोडले. वेडंवाकडं कोणी बोललं नाही, गोड बोला सगळेच म्हणाले. ताई प्रत्येक वेळी तळहात पुढे करायची आणि मग हळूच मागे घ्यायची. मी बरोबर होतो, याचीच मला भीती वाटत होती.

एक मुलगी मात्र आत आली, मीरा नावाची. तिनं तिळगूळ तळहातावर ठेवला, पाया पडली आणि एक लाडू ताईच्या तोंडातच घातला. मोजमापात असं एखादंच उलटं निघालं तर आम्ही त्याला गोंगाट म्हणून सोडून देतो. मीही सोडून दिलं.

दुपारपर्यंत स्टूल भरलं. ताईनं ते बघितलं. "एकेकाचं कारण मला ठाऊक होतं रे," एवढंच म्हणाली आणि पिशवी भरायला घेतली.

गंगेच्या पुलाअलीकडे आमची एसटी थांबली. रस्त्यात दहाबारा माणसं उभी होती. मी ताईचं मनगट घट्ट धरलं. उसाची बैलगाडी कलंडली होती, ती सरळ करायला जमली होती. एसटी पुढं गेल्यावरही मला बराच वेळ मनगट सोडता आलं नाही.

पुण्यात आईनं तिला बघितलं आणि आत घेऊन दाराला कडी लावली. त्या आठवड्यात जाळपोळीच्या बातम्या येत राहिल्या. ताईच्या गल्लीत काही झालं नाही, असं शाळेतल्या शिपायाच्या पत्रावरून कळलं. त्या दिवशी जेवताना ताईनं विचारलं, "उलट्या निघालेल्या दीर्घिका खोट्या असतात का?"

"नाही. त्याही खऱ्याच. सरासरीत दिसत नाहीत."

"मग तिला शिकवायला कोण जाणार?"

मी म्हणालो, एका मुलीसाठी कोणी परत जात नसतं. दोन दिवसांनी ताई पिशवी भरून दारात उभी राहिली.

सोनपेठला जायला आजही तोच रस्ता आहे, आता चांगला झालाय म्हणतात, जरूर जा. ताई तिथं पुढं निवृत्तीपर्यंत राहिली. कधी निभावून गेलं, कधी नाही. तिला सोडायला सोबत जा, असं आईनं त्या दिवशी मला सांगितलं होतं. प्रबंधाचं काम आहे, असं मी म्हणालो. काम काही नव्हतं. मी भ्यालो होतो, आणि ताई एकटीच गेली.